करारातील एक अट : डस्टी स्प्रिंगफील्डची गोष्ट

१/ इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. पॉप गायिकेला त्यात जागा असेल असे कधी वाटले नाही. ती समजूत जिने मोडली, त्या डस्टी स्प्रिंगफील्डविषयी हा धागा.

२/ मूळ नाव मेरी ओब्रायन. जन्म १६ एप्रिल १९३९, लंडन. भाऊ टॉम याच्यासह ती ‘द स्प्रिंगफील्ड्स’ या त्रयीत गात असे. १९६३ मध्ये तिने स्वतंत्र वाट धरली. १ जानेवारी १९६४ रोजी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला भाग झाला, त्यातही ती होती. उंच रचलेला सोनेरी केशसंभार, काजळाने गडद केलेले डोळे आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतावर पोसलेला आवाज.

३/ त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ती दक्षिण आफ्रिकेत गेली. तेथे वर्णभेदाची राजवट होती. तिच्या करारात मात्र स्पष्ट अट होती : वर्णानुसार वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे मी गाणार नाही. केपटाउनजवळच्या एका नाट्यगृहात ती मिश्र प्रेक्षकांपुढे गायली. यापुढे विभक्त प्रेक्षकांपुढेच गाईन, असे लिहून देण्यास सरकारने तिला सांगितले. तिने सही केली नाही. दौरा अर्धवट राहिला आणि तिला देश सोडावा लागला.

४/ भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. पण ती एका राष्ट्राची ताकद होती. या गायिकेपाशी होता तो केवळ एक करारनामा.

५/ मायदेशी कौतुक झाले, तशी टीकाही झाली. हा प्रसिद्धीचा डाव आहे, असे काही ब्रिटिश कलावंतच म्हणाले. मला मात्र पुढची घटना बोलकी वाटते. एप्रिल १९६५ मध्ये तिने ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मोटाउन कंपनीच्या कलावंतांचा विशेष कार्यक्रम सादर केला. सुप्रीम्स, स्टीव्ही वंडर, टेम्प्टेशन्स असे कृष्णवर्णीय कलावंत त्यातून ब्रिटनच्या घराघरांत पोहोचले. ज्यांच्या गाण्यावर आपला आवाज घडला, त्यांचे ऋण तिने असे मानले.

६/ पुढचा प्रवास सरळ नव्हता. आपल्याला स्त्रियांविषयीही आकर्षण वाटू शकते, हे तिने १९७० मध्ये मुलाखतीत सांगितले. त्या काळी हे धाडसच. मग विस्मरणाची, व्यसनाची वर्षे आली. १९८७ मध्ये ‘पेट शॉप बॉइज’सोबतच्या गाण्याने ती परतली. २ मार्च १९९९ रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले.

७/ दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद तिच्या नकाराने संपला नाही. त्यासाठी तेथील माणसांना आणखी तीस वर्षे झुंजावे लागले. तरीही तो कागद माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सही केली असती तर उरलेले कार्यक्रम पार पडले असते आणि कुणी फारसे विचारलेही नसते. ती तेव्हा २५ वर्षांची होती. त्या वयात मी काय केले असते, याचे उत्तर अजून मला छातीठोकपणे देता येत नाही.