बार्शीची दुसरी वही

कुर्डुवाडी सोडली की सुमारे ३५ किलोमीटरवर बार्शी येते. १८९७ साली या वाटेवर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि मराठवाड्याच्या उंबरठ्यावरील या पेठेचा व्यापार अधिकच वाढला. आज त्या चिमुकल्या गाडीची जागा मोठ्या रेल्वेने घेतली आहे. परंतु तूर-ज्वारीची पोती, अडत्यांची दुकाने आणि भगवंताच्या मंदिराकडे जाणारी वर्दळ यांमुळे गावाची जुनी ओळख टिकून आहे. ‘बार्शी तिथे सरशी’ असे येथील माणूस अभिमानाने म्हणतो.

या गावात आणखी एक वर्दळ असते. परांडा, भूम आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे तपासणीच्या कागदांची पिशवी सांभाळत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाची वाट विचारतात. धर्मादाय तत्त्वावर चालणारे हे रुग्णालय १९८२ साली उभे राहिले. डॉ. बी. एम. नेने हे त्याच्या उभारणीमागील प्रमुख नाव. आदल्याच वर्षी कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्रीची स्मृती त्याला लाभली.

मुंबईत परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय होते. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याला मुंबई गाठणे म्हणजे बुडालेली मजुरी, मुक्कामाचा खर्च आणि परक्या शहराची धास्ती. दुखणे अंगावर काढण्याचीच रीत असल्याने रोग हाताबाहेर गेल्यावरच रुग्ण डॉक्टरसमोर येई. गावाजवळ अल्प खर्चाचे उपचार मिळाल्याने अर्धा प्रश्न सुटला. उशीर टळल्याशिवाय उरलेला अर्धा सुटणार नव्हता.

व्यापाऱ्याच्या घरात वहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. ज्या व्यवहाराची नोंद नाही, त्यातील तूटही कळत नाही. १९८७ साली बार्शीत अशीच एक वही उघडली गेली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांमधील कर्करोगाच्या रुग्णांची ही नोंदणी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी ठरली. रुग्णालयात बसून ती भरणे शक्य नव्हते, म्हणून कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात, ग्रामस्थांना एकत्र करून रोगाची पूर्वलक्षणे समजावीत आणि संशयिताला तपासणीसाठी बार्शीला पाठवीत. या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक असल्याचे नोंदींतून दिसले. काही वर्षांतच तो लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाणही वाढले.

या पायावर १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठे संशोधन झाले. टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियॉन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गावांच्या ५२ समूहांनुसार चार गटांत विभागणी झाली. तीन गटांना तीन वेगवेगळ्या चाचण्या देऊ केल्या गेल्या. चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही चाचणीसाठी नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित परिचारिकांनी केले.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही पूर्वतपासणीसाठी मुख्यतः याच चाचणीची शिफारस केली.

मात्र त्या चौसष्ट आकड्यामागे चौसष्ट घरे आहेत. एका गटाला चाचणीविना ठेवणे नीतीला धरून होते का, हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो रास्तच होता. जगाला मिळालेल्या ज्ञानाची किंमत याच मातीतील बायकांनी मोजली. ते ज्ञान वापरले गेले नाही, तर त्यांचे ऋण थकीतच राहील.

रुग्णालयाच्या खोलीवर दात्याच्या नावाची पाटी लागते. परिचारिकेच्या गावफेरीवर, जीपच्या डिझेलवर किंवा नोंदणीच्या कागदावर ती लावता येत नाही. म्हणून अशा कामाकडे दानाचा ओघ सहसा वळत नाही. बार्शीचा अनुभव सांगतो की वाचलेले पुष्कळ जीव याच निनावी खर्चाच्या खात्यावर जमा आहेत.

आणि दानाच्याही आधी एक गोष्ट प्रत्येक घराला करता येण्यासारखी आहे. दुकानाचा हिशेब दर वर्षी तपासला जातो. घरातील तिशी ओलांडलेल्या स्त्रीची ही एक तपासणी मात्र ‘पुढे बघू’ म्हणून राहून जाते. परांडा-भूमच्या शेतमजूर बायकांनी संकोच बाजूला ठेवून ती करून घेतली. शहरातील सुस्थित घरांना ती अवघड वाटू नये.