पायरीवरच्या पाचजणी

कुवेतवालीच्या अम्मीचा इंतकाल झाला, ते आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. निरोप आला नव्हता असं नाही. आमच्या डी.एड.च्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, शंभराच्या वर बायका. तिथे तिने पहाटे चार ओळी टाकल्या होत्या. त्याखाली काहीजणींनी दुआ लिहिली, मग कुणीतरी ‘शुभ सकाळ’चं फूल टाकलं, मग आंब्याच्या पेटीचे भाव आले, मग एक विनोद. तो विनोद आमच्यातल्याच मुंब्रावालीने पुढे ढकलला होता, वरचं काही न वाचता. पाचव्या दिवशी कळल्यावर तिने कुवेतला फोन लावला आणि सलामाच्या पुढे तिला शब्द फुटेना.

आम्ही पाचजणी 1996 ते 1998 अशी दोन वर्षं पुण्यात एकाच हॉस्टेलवर होतो. मेसच्या मागे एक दगडी पायरी होती. जेवण झालं की त्या पायरीवर बसायचो. पाचजणी दाटीवाटीने मावायच्या, सहावी आली तर तिला उभं राहावं लागे. आता एक महाडला, एक मुंब्र्याला, एक सोलापूरला, एक कुवेतला, एक दोह्याला. एकमेकींना हाकही आम्ही गावानेच मारतो. इथेही तसंच लिहितो आहोत.

त्या प्रकारानंतर सोलापूरवालीच्या लेकीने विषय काढला. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, “खाला, तुमच्या पाचजणींसाठी मी वेगळं अ‍ॅप करून देते.” आम्ही हसलो. पाचजणींचा वेगळा ग्रुप काढला असता तर एका मिनिटाचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर आधी तसा काढलाही होता. पण फोनवर तो इतर तीस ग्रुपांच्या रांगेत खाली खाली जायचा. वहिनींचा ग्रुप, सोसायटीचा, शाळेचा, मदरशाच्या वर्गणीचा, आणि त्यात कुठेतरी आम्ही. आम्हाला हवं होतं ते दार, जे उघडलं की आत फक्त आम्हीच असू.

तिने आम्हाला ‘पाथ’ नावाच्या अमेरिकन अ‍ॅपची गोष्ट सांगितली. 2010 मध्ये ते निघालं तेव्हा त्यात पन्नासच्या वर मित्र घेता येत नसत. पुढे ही मर्यादा 150 केली, आणि 2018 मध्ये ते बंद पडलं. रॉबिन डनबार नावाचे ब्रिटिश अभ्यासक म्हणतात की माणूस साधारण दीडशे जणांशी ओळख सांभाळू शकतो, पण अगदी आतल्या वर्तुळात पाचच्या आसपास माणसं असतात. हे ऐकून दोहावाली म्हणाली, “एवढा अभ्यास कशाला? आमची पायरी मोजायची होती.” अ‍ॅपचं नाव तिथेच ठरलं.

दोहावालीकडे आयफोन, बाकीच्यांकडे अँड्रॉइड. अ‍ॅपलच्या दुकानात अ‍ॅप ठेवायचं तर वर्षाला 99 डॉलर भरावे लागतात. म्हणून पोरीने ते ब्राउझरमध्ये उघडणारं केलं. आपण त्याचं चिन्ह फोनच्या पहिल्या पानावर आणून ठेवायचं, बस. त्यात अंगठा दाखवायची सोय नाही. काहीतरी लिहा, नाहीतर बोलून पाठवा. फॉरवर्डचं बटणही नाही. मुंब्रावालीने ते स्वतः सांगून काढायला लावलं.

पहिले काही महिने काय मजा आली ते लिहीत बसत नाही. कुवेतवालीच्या घड्याळात आपल्यापेक्षा अडीच तास कमी, म्हणून आमचं जेवण आटोपून आम्ही पायरीवर यायचो तेव्हा तिच्या घरी चपात्या चालू असायच्या आणि लाटण्याचा आवाज तिच्या बोलण्यात यायचा.

मग महाडवालीने एका रात्री लिहिलं की तिची लेक सासर सोडून घरी आली आहे आणि परत जायचं नाही म्हणते. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नव्हतं. (आज हे छापायला देतोय ते तिच्या आणि तिच्या लेकीच्या परवानगीने. दोघींनी आधी वाचलं आहे.) त्यानंतर आठवडाभरात फोटो दिसेनासे झाले. सोलापूरची पोरगी दुरुस्तीला बसली. निरोप जिथे साठतात ती यादी तिने उघडली, आणि महाडवालीची ओळ तिच्या डोळ्यांसमोर आली.

ती गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. तिने आधी आईला सांगितलं, मग आम्हा सगळ्यांना एकत्र फोन केला. “खाला, मी एक ओळ वाचली. मुद्दाम नाही. पण तुम्हाला हे माहीत असायला हवं की मला सगळं वाचता येतं.”

आम्ही गारच झालो. मोठ्या कंपनीपासून लांब जाऊन आपलं खासगी घर बांधलं म्हणून आम्ही खूश होतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून निरोप असा कुलूपबंद जातो की तो मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. आमच्या घरच्या अ‍ॅपला मात्र कुलूपच नव्हतं. शंभरजणींच्या ग्रुपात आम्हाला कुणी वाचत नव्हतं, आणि इथे मैत्रिणीची लेक वाचू शकत होती.

महाडवाली अकरा दिवस पायरीवर आली नाही. पाचजणींत एक गप्प झाली की ते लपत नाही. सोलापूरवाली तर लेकीवर चिडली होती, उगीचच. पोरीने परीक्षा तोंडावर असताना कुलूप बसवलं. आता प्रत्येकीच्या फोनात तिची वेगळी किल्ली, आणि किल्लीशिवाय मधल्या साठ्यात नुसती अक्षरांची खिचडी. स्क्रीनशॉट अडवता येईल का, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, “खाला, समोर दुसरा फोन धरून कुणी फोटो काढला तर मी काय करणार? तेवढं तुम्हीच एकमेकींचं बघा.”

बाराव्या दिवशी महाडवालीने तिलाच फोन केला. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, “वाचलंस ना? मग माझ्या लेकीला एक फोन करशील? तिच्या वयाचं तिच्याशी बोलायला कुणी नाही.” त्या दोघी आता आमच्यापेक्षा जास्त बोलतात. काय बोलतात ते आम्ही विचारत नाही.

कुलपाची किंमत गेल्या रमजानमध्ये कळली. मुंब्रावालीचा फोन भरला होता. भाच्याने मदत म्हणून ब्राउझरमधलं सगळं पुसून दिलं. त्यातच किल्ली गेली. दोन वर्षांचे निरोप तिच्यासाठी संपले. पोरीला फोन केला, तर ती म्हणाली, “मलाही उघडता येणार नाही. तसंच तर करायला सांगितलं होतं तुम्ही.” मुंब्रावाली रडली. कुवेतवालीने तिला माफ केल्याचा निरोप त्यात होता. तो ती मधूनमधून काढून ऐकायची.

बाकी चौघींच्या फोनात सगळं शाबूत होतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचजणी फोनवर जमलो. कुवेतवालीने चष्मा लावला आणि अगदी पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचायला घेतलं. पहिला निरोप दोहावालीचा होता, शिरखुर्म्यात खारीक आधी भिजवायची का म्हणून. दुसऱ्यात महाडवालीचं उत्तर. पाऊण तासात आम्ही जेमतेम दुसऱ्या आठवड्यापर्यंत आलो, कारण मुंब्रावाली प्रत्येक निरोपावर नव्याने उत्तर देत होती. मग कुवेतच्या घरी पाहुणे आले. आता दर जुम्याला अर्धा तास वाचन चालतं. माफीचा निरोप अजून बराच पुढे आहे, आणि मुंब्रावाली म्हणते, मधलं काही गाळायचं नाही.