ऐलतीरावरचा त्रिकोण

जिथवर साखळी पोचत नाही तिथली लांबी हाताशी असलेल्या तीन बाजूंवरून काढावी, हा समरूप त्रिकोणांचा नियम मी शाळेत मुखोद्गत केला होता खरा. परंतु त्याचा साक्षात् परिचय घडला तो मोजणी खात्यात रुजू झाल्यावर, श्रावणात दुथडी वाहणाऱ्या सीनेच्या काठी.

पैलतीरावरच्या एका बाभळीसमोर ऐलतीरी खुंटी ठोकली, तेथून काठाने चार साखळ्यांवर निशाण रोवले, त्याच रेषेत आणखी एक साखळी जाऊन दुसरी खुंटी मारली, आणि तेथून काटकोनात, नदीपासून दूर, निशाण व बाभूळ एका रेषेत दिसेपर्यंत मागे मागे सरत गेलो. पाण्यावरच्या थोरल्या त्रिकोणाचे आणि ओल्या काळ्या मातीवरच्या धाकट्या त्रिकोणाचे कोन तेच, बाजू मात्र चौपट; म्हणून हे शेवटचे अंतर चौपट केले की पात्राची रुंदी. आमची साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. अंतर भरले 1 साखळी 13 आणे. टिपणात मी रुंदी लिहिली 7 साखळ्या 4 आणे.

काटकोन साधण्याच्या उपकरणास आमच्या खात्यात शंकू म्हणतात. आभाळ भरून आले म्हणून तो मी गाडीतच राहू दिला आणि काटकोन नजरेने घेतला. शंकू हा शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलाही, तेथे तो बारा अंगुळांचा, छाया मोजण्याचा. साडेतीन हात उंचीच्या दिव्यापासून तीन हातांवर तो उभा केला, तर छाया किती? उंचीतून शंकूचा अर्धा हात वजा जाता उरतात तीन हात, अंतरही तीनच. तेव्हा छाया शंकूएवढीच, बारा अंगुळे. हे गणित मला फार प्रिय आहे, कारण त्यातला शंकू सरळ उभा आहे, या एका गोष्टीवर त्याची सारी भिस्त आहे.

वैशाखात सीनेचे पात्र कोरडे पडले, तेव्हा बाभळीपासून खुंटीपर्यंत वाळूतून साखळी ओढली. भरल्या 6 साखळ्या 8 आणे. रात्री कंदिलाशी बसून हिशेब केला: माझा काटकोन चार अंशांनीही चुकला नव्हता, तरी ऐलतीरावरचे तीन आणे पैलतीरी पोचता पोचता बारा झाले होते. दुसऱ्या दिवशी टिपणातला जुना आकडा वाचता येईल असा छेदून, शेजारी तांबड्या शाईने नवा आकडा लिहिला आणि खाली तारखेसह सही केली.