बुटक्या गाडीची चाके

मोटारीचे टायर कसे आहेत हे पाहावयाचे असल्यास आपण बाजूला उभे राहून नजर टाकतो. बाहेरची कड चांगली दिसली की आपले समाधान होते. आतली कड मात्र गाडीच्या पोटाखाली असते. ती पाहण्यासाठी वाकावे लागते. ज्या घरी तरुण मुलगा आहे आणि त्याला आपली गाडी बुटकी करण्याची हौस आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हे वाकण्याचे कष्ट जरूर घ्यावेत, एवढ्यासाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

हैदराबादेत ही हौस आता नवलाची राहिलेली नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची ‘फॉर्म्युला ई’ ही जागतिक शर्यत झाली आणि सुमारे २.८ किलोमीटरच्या मार्गावर फ्रान्सचे जाँ-एरिक व्हर्न पहिले आले. आमचा पुतण्या ती पाहावयास गेला होता. पुढे त्याने एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेतली, ती ४० मिलिमीटर खाली आणली आणि मूळच्या रिमा काढून रुंद रिमा चढविल्या. गाडी देखणी दिसू लागली, यात शंका नाही. अलाइनमेंट करून घेण्याचे त्याच्या मनात होते. पण गाडी कोणत्याही बाजूला ओढत नव्हती, तेव्हा घाई कशाला, असे त्याला वाटले.

सहा हजार किलोमीटर झाल्यावर तो आपल्या आईला घेऊन सोलापूरला निघणार होता. आदल्या संध्याकाळी हवा भरणाऱ्या मुलाने खाली वाकून पाहिले आणि त्याला हाक मारली. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची नक्षी जवळजवळ नवी होती. आतल्या कडेला मात्र रबर झिजून तारा उघड्या पडल्या होत्या. भर वेगात त्यांतला एखादा टायर फुटता तर काय झाले असते, हे आम्ही वहिनींस अद्याप सांगितलेले नाही.

असे का व्हावे? गाडी खाली आणली म्हणजे चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात. पुष्कळ गाड्यांत चाकाचा माथा आत झुकतो; या झुकावाला कँबर म्हणतात. शर्यतीत वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा हाच झुकाव बाहेरच्या टायरला रस्त्यावर सपाट बसवितो. परंतु रोजचा आपला प्रवास बहुतेक सरळ रस्त्याचा, आणि तेथे आतल्या कडेवर भार वाढतो. याच्याही वरताण आहे तो टो, म्हणजे वरून पाहिले असता चाकांची तोंडे एकमेकांकडे वळलेली आहेत की परस्परांपासून फाकलेली, ते. पुतण्याच्या गाडीची पुढची चाके प्रत्येकी पाव अंश बाहेर फाकली होती. पाव अंश म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण हिशेब करून पाहावा. पाव अंश तिरपे चाक दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे घासटले जाते. सहा हजार किलोमीटरांत हे घासटणे २६ किलोमीटर भरते. दोन्ही चाके सारखीच फाकलेली असल्यामुळे त्यांची ओढ एकमेकींस खोडून काढते आणि गाडी सरळ चालते. सरळ चालणारी गाडी निर्दोष असतेच असे नाही, ते यामुळे.

रिमांचा घोटाळा निराळाच होता. रिम एक इंच रुंद असेल, तर ती दोन्ही बाजूंस सुमारे १३ मिलिमीटर वाढते. शिवाय रिमेची बैठक तिच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. नव्या रिमांत ते १० मिलिमीटरांनी कमी होते. म्हणजे चाक मडगार्डाकडे एकंदर २३ मिलिमीटर सरकले. मागे दोन माणसे बसली आणि खड्डा आला, की टायर पत्र्याला घासत असे.

राणीगंजच्या बाजूस सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथे चौकशी करता करता एका वृद्ध मिस्त्रींची गाठ पडली. त्यांनी प्रथम गाडीला हातच लावला नाही. ते म्हणाले, “साब, पयले वजन, बाद में नाप. खाली गाडी का नाप नक्को लेव.” दखनी भाषेतला हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच भाऊ, उपदेशही घरच्यासारखाच वाटला. त्यांनी गाडी २० मिलिमीटर वर उचलली, योग्य ऑफसेटच्या मूळ रुंदीच्या रिमा बसविण्यास सांगितले आणि चारही चाकांत नेमकी हवा भरली. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले, कारण अधांतरी आवळलेला बुश पुढे कायमचा पिळलेला राहतो. मग चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी पोती ठेवून मापे घेतली. आधी मागची चाके, मग पुढची. कारण गाडी कोणत्या रेषेत जावयाची ते मागची चाके ठरवितात. पुढे आधी कँबर, शेवटी टो. कारण कँबर हलविला की टोही हलतो. स्प्रिंगा बसल्यावर काही शे किलोमीटरांनी पुन्हा यावयास सांगितले, ते वेगळेच.

उंचीचा विचार गतिरोधकासाठीही करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो. त्याच्या दोन्ही उतारांवर चाके असताना मध्यम लांबीच्या गाडीच्या पोटात तो केवळ ५ सेंटिमीटर शिरतो. पण गल्लीतल्या लोकांनी घातलेला अरुंद उंचवटा दोन चाकांच्या मध्ये पुरता मावतो आणि आपल्या सगळ्या उंचीनिशी पोटाला लागतो. कायद्याकडेही दुर्लक्ष करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे.

मुलांच्या हौसेवर आमचा राग नाही. हौस नसलेले तारुण्य ते कसले? मात्र देखणेपण बाहेरून दिसते आणि त्याची किंमत आतल्या कडेला फेडली जाते, हे त्यांना सांगणारे कोणी घरात असावे. हात पुरेल तेथे टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. गाडी उभी असावी आणि टायर थंड. एवढ्या दोन अटी पाळल्या, की त्याला यंत्र लागत नाही. पुतण्याच्या गाडीने सोलापूरची फेरी एक महिना उशिरा केली. वहिनी पुढच्या आसनावर बसल्या होत्या.