बेडकाचा कान

अर्थ मोजता येत नाही, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. १९४८ साली माहितीचे गणित मांडताना शॅननने अर्थाला मुद्दामच बाहेर ठेवले, हे आमच्या सोयीचेच होते. मग रीकी, बॉडनर आणि बियालेक यांचा १९९५ चा शोधनिबंध वाचनात आला.

बुलफ्रॉग या बेडकाच्या श्रवणतंतूंतील विद्युतस्पंद त्यांनी टिपले. एका तंतूतले स्पंद सारे एकाच मापाचे. तेव्हा सांगायचे ते स्पंद केव्हा उमटला यावरूनच. त्या मालिकेवरून मूळ ध्वनी पुन्हा उभा करायचा आणि तो मुळाशी किती जुळतो त्यावरून सेकंदाला किती बिट पोचले ते काढायचे. (भाषांतराची परीक्षा आपण याहून वेगळी कुठे घेतो?) सपाट खरखरीऐवजी नैसर्गिक ध्वनीसारखा वर्णपट असलेला आवाज दिला, तेव्हा माहिती दोन ते सहापट वाढली, कधी तर स्पंदांना शक्य असलेल्या मर्यादेच्या ९० टक्क्यांपर्यंत गेली.

हा अर्थ नव्हे, केवळ वर्णपट, हे आम्ही जाणतो. तरी आमचे जुने विधान आता वर्गात पूर्वीच्या ठसक्यात निघत नाही.

गेल्या वर्षी आईची श्रवणचाचणी झाली. 'टूं' ऐकू आले की बटण दाबायचे. तिने ते क्वचितच दाबले. आलेख उजवीकडे घसरत गेलेला. बेडकाचा तंतू आणि माणसाचा मेंदू एक नव्हेत, मान्य. पण बाहेर बाकावर कुणी दोघी मालवणीत भांडत होत्या, आणि घरी येताना रिक्षात आईने आम्हाला त्या भांडणाचे कारण सांगितले.