मर्क्युरीचा काळा रंग

५ ऑक्टोबर, सांगली
दिवाळीच्या साफसफाईत आईनं माळ्यावरून 'नारद' खाली काढला आणि चिंच भिजत घातली. १९४८ साली संस्थानं विलीन झाली, त्यानंतर एका वाड्यातल्या लिलावात आजोबांनी ही मूर्ती घेतली होती. हातभर उंच तरुण, एका पायाच्या चवड्यावर तोललेला. टाचांना पंख, हातात सापांनी वेढलेली काठी. तिन्ही लोकांत फिरणारा तो नारद, असं आजी म्हणायची. तिचं फारसं चुकलं नव्हतं. हा रोमन पुराणांतला देवांचा निरोप्या, मर्क्युरी. आज प्रथमच बैठकीवरची अक्षरं नीट वाचली : एफ. बार्बेदिएन, फाँदर. फाँदर म्हणजे ओतारी.
चिंचेचं पाणी मोरीत ओतलं. आई म्हणाली, "अरे, आजी दर दिवाळीला घासायची. सोन्यासारखा चमकायचा."

६ ऑक्टोबर
रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. मूळ मर्क्युरी जांबोलोन्या या शिल्पकाराचा, सोळाव्या शतकातला. तो फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. वाऱ्याच्या देवानं तोंडानं फुंकर घातली आहे आणि त्या फुंकरीवर हा उभा आहे. ब्राँझमध्ये वारा दाखवायचा, ही कल्पनाच केवढी! पुढे पॅरिसमध्ये आशिल कोलासनं एक यंत्र केलं. त्याची एक सुई मूळ शिल्पावरून फिरते, दुसरं टोक त्याच वळणांनी लहान प्रत कोरत जातं. १८३८ मध्ये बार्बेदिएननं त्याच्याशी भागीदारी केली आणि संग्रहालयांतले देव मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत आले.

७ ऑक्टोबर
शेजारचे काका किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत मोल्डर होते. त्यांनी मूर्ती उलटी केली, बॅटरी मारली आणि बराच वेळ आत बघत राहिले. "वाळूच्या साच्यातलं काम. कोअर घालून पोकळ ओतलंय. हात वेगळा ओतून खिळीनं जोडलाय, सांधा बघ कसा घासलाय." मग बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुईनं बारीक रेघ ओढली. पिवळी निघाली. जस्ताची नक्कल असती तर रेघ पांढरी आली असती.
नंतर खांद्यावरून बोट फिरवत म्हणाले, "इथला रंग कुणी काढला?"
मी गप्प राहिलो.

८ ऑक्टोबर, औंध
तासगाव, विटा, पुसेसावळी करत आलो. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये हे उभारलं. रविवर्म्याची मूळ चित्रं इथे आहेत, हेन्री मूरचं 'माता आणि बालक'ही आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली तीही याच संस्थानच्या जमिनीवर. नांगर ओतणाऱ्यांना जागा देणारा आणि शिल्पांना घर बांधणारा राजा एकच, हे डोंगर उतरताना लक्षात आलं. माझ्या मते आपल्या संस्थानिकांत एवढ्या रुंद नजरेचा माणूस विरळाच.

९ ऑक्टोबर, मेणवली
इतक्या लांब आलोच होतो, म्हणून वाईजवळ कृष्णाकाठच्या नाना फडणविसांच्या घाटावर गेलो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथून आलेली घंटा इथे आहे. अंगावर १७०७ हा आकडा आणि बाळ घेतलेली मेरी. तीन शतकं ऊनपावसात राहून धातू काळवंडला आहे, आणि ते वय तिला शोभतं. जन्मसाल तिच्याच अंगावर असल्यामुळे तिची गोष्ट हरवली नाही. आमच्या मर्क्युरीची निम्मी गोष्ट आजोबांबरोबर गेली.

१२ ऑक्टोबर, सांगली
आईला जवळ बसवून दाखवलं. काठीच्या वळणांत, कुरळ्या केसांत, काखेत, जिथे आजीचा हात पोचला नाही तिथे काळसर तपकिरी झाक अजून शिल्लक आहे. हा मळ नव्हे. धातू तापवून, रसायनं लावून कारागिरानं ती मुद्दाम चढवलेली असते. तिच्यामुळे उजेड स्नायूंवर थांबतो, शरीर जिवंत वाटतं. आम्ही चिंच आणि राखेनं ती वर्षानुवर्षं खरवडली, आणि खांद्यावरची आता परत येणार नाही.
आई म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं रे."
म्हणून इथे लिहून ठेवतो. सांगली-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतून अशा मूर्ती अजून निघतात. तुमच्या घरी असेल तर चिंच, लिंबू, राख काही लावू नका. मऊ सुती फडक्यानं नुसती धूळ पुसा. आणि ती कुठून, कुणाकडून, कधी आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर उतरवा.