कसोटीचा दगड

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचा कापूस नुकताच खामगांवच्या बाजारांत विकला गेला होता व त्याचे पैसे बाबांच्या खात्यांत जमा झाले होते. त्याच आठवड्यांत एका सायंकाळीं बाबांच्या मोबाइलवर त्यांच्या जुन्या मित्राच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका आली. बाबा आनंदानें ती उघडणार, इतक्यांत माझा चुलतभाऊ म्हणाला, "काका, थांबा." हा दादा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो व सुटींत घरीं आला होता. "पत्रिका म्हणजे चित्र असावयाचें. हिच्या नांवाच्या शेवटीं एपीके आहे. हा कागद नव्हे, हा चालणारा प्रोग्राम आहे."

बाबांना राग आला. "मैतराच्या पत्रिकेलेबी कसोटी लावतं का तू?" ते म्हणाले.

दादानें उत्तर दिलें नाहीं. ती पत्रिका न उघडतां त्यानें आपल्या लिनक्स संगणकावर घेतली आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून तो मला समजावूं लागला. पहिली आज्ञा 'फाइल'. ती नांवावर विसंबत नाहीं. आरंभींचे बाइट पाहून वस्तु कोणती तें सांगते. विंडोजच्या प्रोग्रामच्या आरंभीं 'एमझेड' हीं अक्षरें असतात, झिप गठ्ठ्याच्या आरंभीं 'पीके'. एपीके हा असाच गठ्ठा असतो. 'अनझिप' या आज्ञेनें तो सोडला. आंत पत्रिकेचें चित्र कोठेंच नव्हतें. मग 'आप्ट' ही आज्ञा. प्रोग्राम फोनकडे कोणत्या परवानग्या मागतो, त्याची यादी ती देते. त्या यादींत संदेश वाचण्याची व पाठविण्याची परवानगी होती. शेवटीं 'स्ट्रिंग्ज'. बाइटांच्या ढिगांत जेथें लागोपाठ निदान चार वाचतां येण्याजोगीं अक्षरें असतील, तेवढीं ती वेंचून दाखविते. त्यांत एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता निघाला.

"लग्नपत्रिकेला आमचे संदेश वाचण्याचें काय कारण?" मीं विचारलें.

"बँकेचा ओटीपी संदेशानेंच येतो ना?" दादा म्हणाला.

बाबा स्तब्ध झाले. त्यांनीं मित्राला फोन लावला. त्यांच्या घरीं लग्न नव्हतेंच! दोन दिवसांपूर्वीं तशीच एक पत्रिका त्यांनीं विश्वासानें उघडली होती. खातें पाहतांच रक्कम गेल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. दादानें त्यांना ताबडतोब १९३० या सायबर तक्रारींच्या क्रमांकावर कळविण्यास सांगितलें. त्या रात्रीं बाबा नीट जेवले नाहींत.

अशा फसवणुकीस केवळ साधीं माणसेंच बळी पडतात असें नाहीं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेसारख्या जुन्या संस्थेंतूनहि ऑगस्ट २०१८ मध्यें, तिच्या यंत्रणेंत दुष्ट प्रोग्राम घुसवून, सुमारें ९४ कोटी रुपये लुटण्यांत आले.

आमचें खामगांव चांदीसाठीं प्रसिद्ध आहे. सराफाकडे चांदी नेली कीं तो ती प्रथम कसोटीवर घासतो. गिऱ्हाईक ओळखीचें असो वा परकें, घासण्याबद्दल कोणी रागावत नाहीं. परंतु कसोटीवर उमटते ती वरच्या थराची रेघ. आंत हीण असेल तर तें दिसत नाहीं. दादाच्या आज्ञांचेंहि तसेंच आहे. धूर्त लोक प्रोग्राम गुंडाळून अशा रीतीनें लपवितात कीं 'स्ट्रिंग्ज'ला निरर्थक अक्षरांखेरीज कांहीं सांपडत नाहीं. दोष सांपडला नाहीं म्हणजे वस्तु निर्दोष ठरली असें नव्हे. म्हणून संशय उरल्यास प्रोग्राम चालवूंच नये, हें उत्तम.

वाचकहो, आलेली वस्तु तपासण्यांत मित्राचा अपमान नाहीं. न तपासतां ती उघडल्यास मात्र आपल्याबरोबर आपले दहा मित्र संकटांत पडतात. ज्यांना या आज्ञा येत नाहींत, त्यांनीं निदान पाठविणाऱ्यास एक फोन करून विचारावें. तेवढी कसोटी प्रत्येकाच्या खिशांत आहे.

परवां शेतकऱ्यांच्या कोणत्याशा योजनेचें ॲप म्हणून एक एपीके माझ्या मोबाइलवर आलें. मी तें बाबांना दाखविलें. चष्मा वर करून त्यांनीं एवढेंच विचारलें, "कसोटी लावली का रे?"